फुकट तिकिटाचा परतीचा प्रवास

सावली गावच्या बसस्थानकावर गडचिरोलीची गाडी लागते. पंच्याहत्तरी ओलांडलेली एखादी आजी चढते, आधारकार्ड दाखवते आणि कंडक्टर मशीनमधून तिकीट काढून तिच्या हातात देतो. तिकिटावरची रक्कम शून्य! २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंच्याहत्तरीवरच्या सगळ्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मग पैसे घ्यायचेच नसतील, तर तिकीट कशाला काढायचं? आजीला नुसतं ‘बसा’ म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं. कारण त्या शून्यामागे खरीखुरी रक्कम आहे. आजीच्या प्रवासाचे पैसे महामंडळाला राज्य सरकारकडून मिळायचे असतात आणि ते शून्याचं तिकीट हा त्या देण्याचा पुरावा असतो. बसणाऱ्यासाठी फुकट, पण कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी मोजणारच.

हे एवढं ध्यानात ठेवा आणि आता नागपूरला चला. सावलीहून गाडीने चारेक तासांवर सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तिथेही रोज काही माणसं अशाच ‘फुकट’ तिकिटांवर विमानात बसतात. कुणी वर्षभर क्रेडिट कार्डावर किराणा भरून पॉइंट जमवलेले असतात, कुणाच्या मुलाने परदेशातून माइल्स, म्हणजे विमान कंपनीने दिलेले पॉइंट, खर्चून आईवडिलांचं तिकीट काढलेलं असतं. अशा तिकिटाला विमान कंपन्या अवॉर्ड तिकीट म्हणतात. ते काढताना फार काही दिसत नाही. बटण दाबलं, माइल्स गेले, तिकीट आलं. पण तेच तिकीट बदलायला किंवा रद्द करायला जा. मग एक प्रचंड यंत्र उलट्या दिशेने फिरू लागतं, आणि एरवी झाकलेलं त्याचं एकेक चाक दिसायला लागतं. मला तर वाटतं, विमानाच्या उडण्याइतकंच हे यंत्रही थक्क करणारं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, सावली तालुक्यातला एक मुलगा अमेरिकेत डॅलसला नोकरी करतो. त्याच्याकडे अमेरिकन एअरलाइन्सचे माइल्स साठले आहेत. त्यातले समजा ८० हजार खर्चून तो आईबाबांना बोलावतो: नागपूर ते दोहा, दोहा ते डॅलस, नोव्हेंबरच्या मध्यावर. तिकीट काढलं अमेरिकन एअरलाइन्सच्या माइल्सवर, पण दोन्ही विमानं कतार एअरवेजची. दोन्ही कंपन्या वनवर्ल्ड नावाच्या एकाच संघातल्या, म्हणून हे जमतं.

इथेच थांबा. कतार एअरवेजने या दोघांना का बसवून घ्यावं? माइल्स तर दुसऱ्याच कंपनीच्या खात्यातून वजा झाले. कतारच्या हाती काय आलं?

उत्तर आजीच्या तिकिटात आहे. माइल्स कुठेही जात नाहीत. ते अमेरिकन एअरलाइन्सच्या वहीत जन्मले, तिथेच खोडले गेले. कतारला मिळणार ते पैसे, दोन कंपन्यांत आधीच ठरलेल्या दराने, आणि तेही आईबाबा प्रत्यक्ष विमानात बसल्यावर. कंपन्यांमधले असले हिशेब चुकते करण्यासाठी आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, १९४७ मध्येच एक क्लिअरिंग हाउस उभारलं. कोण कुणाचं किती देणं लागतो ते तिथे नोंदवलं जातं, एकमेकांत वजावट होते आणि उरलेला फरक तेवढा इकडून तिकडे जातो. बाबा खिडकीतून खाली दिव्यांनी उजळलेलं नागपूर पाहत असतील, तेव्हा त्यांच्या नावाची एक बारीकशी रक्कम एका कंपनीकडून दुसरीकडे निघालेली असेल!

आता गोष्टीत पाऊस आणू. सावलीकडच्या झाडीपट्टीतला कुठलाही शेतकरी सांगेल की नोव्हेंबर म्हणजे धानाची कापणी. कापलेल्या कडपा बांधीत पसरलेल्या असतात, आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो. कडपा भिजतात. त्या वाळल्याशिवाय पुंजणं, म्हणजे धानाची गंजी, लावता येत नाही, मळणी तर लांबच. बाबा फोनवर स्पष्ट सांगतात, “धान घरात आल्याशिवाय मी काही निघत नाही. तारीख पुढे ढकल, बापू.”

मुलगा अॅप उघडतो. तारीखच तर बदलायची आहे. विमानात डिसेंबरमध्ये जागाही भरपूर दिसताहेत. पण अॅप म्हणतं, माइल्सवर जागा नाही. हे कसं काय?

विमानात जागा असणं आणि माइल्ससाठी जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच विमानातल्या, एकाच रांगेतल्या, अगदी सारख्या खुर्च्या संगणकात वेगवेगळ्या अक्षरांखाली विकायला ठेवलेल्या असतात. वाय, बी, एम, क्यू अशी ती अक्षरं. प्रत्येकाचा दर वेगळा, नियम वेगळे. साध्या वर्गातल्या माइल्सवरच्या जागांसाठी बहुतेक कंपन्या एक्स हे अक्षर वापरतात, बिझनेस वर्गासाठी वेगळं. कंपनीचा अंदाज बांधणारा संगणक मागच्या वर्षांची विक्री, सणवार, शाळांच्या सुट्ट्या असं सगळं पाहून ठरवतो की या विमानात अमुक जागा पैसे देऊन कुणी घेणार नाही. तेवढ्याच तो एक्सखाली मोकळ्या करतो. रिकामी खुर्ची विमानाने उड्डाण केलं की कायमची वाया जाते. उद्या ती विकता येत नाही. म्हणून वाया जाणारी खुर्ची माइल्सवाल्याला दिली, तर कंपनीचं जवळपास काही जात नाही. पण विकली जाणारी खुर्ची दिली, तर पूर्ण भाडं बुडतं. डिसेंबर तर नाताळचा, लग्नांचा, परदेशातल्या मुलांनी घरी यायचा महिना. तिथे एक्सखाली शून्य दिसलं तर नवल नाही.

आणि हा आकडा स्थिर नसतो, बरं का! आज शून्य असलेला उद्या दोन होतो, विमान सुटायच्या आठवड्यात अचानक सहा होतो, कारण तोवर संगणकाला कळलेलं असतं की या खुर्च्या खरंच पडून राहणार आहेत. अंदाज रोज नव्याने होतो. म्हणून जाणकार लोक एकदा ‘नाही’ आलं की थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा बघत राहतात.

यातूनच पहिलं शहाणपण निघतं. नवी जागा हाताशी आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. तुम्ही सोडलेली खुर्ची पुन्हा एक्सखालीच जाऊन बसेल याची खात्री नसते. संगणक ती क्षणात महागड्या अक्षराखाली टाकू शकतो. मिनिटापूर्वी तुमचीच असलेली जागा मिनिटानंतर तुम्हालाच मिळत नाही!

पण समजा, मुलाला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन जागा मिळाल्या. त्याने ‘बदल’ दाबलं. आता आत काय होतं?

आपण सगळे आरक्षण आणि तिकीट हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. विमानाच्या जगात त्या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. आरक्षण म्हणजे पीएनआर, सहा अक्षर-अंकांचा. अमुक विमानात अमुक माणसासाठी जागा धरली आहे, एवढंच तो सांगतो. तिकीट म्हणजे १३ आकडी क्रमांक. त्या जागेचा मोबदला मिळाला आहे, हे तो सांगतो. पीएनआर आहे पण तिकीट निघालेलं नाही, असंही होऊ शकतं. आणि तसं झालं, तर विमानतळावर तुम्हाला कुणी आत घेणार नाही. उलट पीएनआर रद्द झाला तरी तिकीट जिवंत राहू शकतं, त्यातली किंमत शाबूत. म्हणून ‘रद्द केलं’ म्हणजे ‘परत मिळालं’ असं नव्हे. जागा सोडणं हे एक काम आणि परतावा मागणं हे दुसरं. काही कंपन्यांत एकाच बटणाने दोन्ही होतात, काहींत दुसरं तुम्हाला वेगळं करावं लागतं, आणि कित्येक माइल्स केवळ यामुळे वर्षानुवर्षं अडकून पडतात.

तिकीट बदलतं म्हणजे खरं तर बदलत नाहीच. जुन्या १३ आकडी क्रमांकावर ‘बदलून दिलं’ असा शिक्का पडतो आणि तो क्रमांक कायमचा संपतो. त्याच्या जागी नवा क्रमांक जन्मतो, आणि जुन्यातली किंमत नव्यात ओतली जाते. नव्या तारखेला जास्त माइल्स लागत असतील तर फरक भरायचा. हिशेब होतो तो आजच्या दराने. काढलं तेव्हाचा दर आता संपला.

मग हा निरोप अमेरिकन एअरलाइन्सकडून कतारकडे जातो. कसा जातो, ऐका. आपण २१ व्या शतकातल्या फोनवर बोट टेकवतो, आणि आतून जो संदेश निघतो त्याची भाषा टेलिप्रिंटरच्या काळातली असते! जागा पक्की असेल तर दोन अक्षरं: एचके. ते विमानच आता नाही: यूएन. टेलिप्रिंटरवर संदेश जितका आखूड तितका बरा, म्हणून सगळं दोन-दोन अक्षरांत कोंबलेलं. हे संदेश वाहून नेण्यासाठी ११ विमान कंपन्यांनी १९४९ मध्ये सीटा नावाची सहकारी संस्था काढली, आणि ती आजही चालू आहे. यंत्रं बदलली, तारा बदलल्या, दोन अक्षरं तशीच राहिली.

त्याच १९४९ साली नागपुरात आणखी एक नवल सुरू झालं होतं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जानेवारीच्या अखेरीस रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून रात्री चार विमानं निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकमेकांत बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. दोन दशकांहून अधिक काळ हे चाललं. एका ठिकाणी उतरून दुसरं विमान पकडायचं, हा प्रकार आज दोहा-दुबईचा वाटतो, पण त्याचा पक्का सराव सोनेगावच्या धावपट्टीवर कधीच झालेला आहे.

पुन्हा आपल्या तिकिटाकडे. समजा, आईबाबांना काही शंका आली आणि त्यांनी कतार एअरवेजला फोन केला. विमान त्यांचं, तर विचारायचं त्यांनाच, हे साहजिकच. पण समोरचा माणूस नम्रपणे सांगेल, हे आमच्या हातात नाही. का? तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे बघा. ००१ म्हणजे अमेरिकन एअरलाइन्स. १५७ असते तर कतार. ०९८ म्हणजे एअर इंडिया, ३१२ म्हणजे इंडिगो. जगातल्या प्रत्येक मोठ्या कंपनीचा असा तीन आकडी क्रमांक आहे, आणि ज्याचा क्रमांक तो तिकिटाचा मालक. बदल, परतावा, तक्रार, सगळं त्याच्याकडेच. दोनचार तास फोनवर ताटकळण्यापेक्षा हे तीन आकडे वाचायला शिकणं किती सोपं आहे!

याला एक अपवाद आहे, आणि तो जाणून ठेवण्यासारखा आहे. चेक-इन झालं की तिकिटाच्या त्या भागाचा ताबा विमान चालवणाऱ्या कंपनीकडे जातो. तिकिटाच्या प्रत्येक टप्प्याला संगणकात एक अवस्था असते: वापरायला खुला, चेक-इन झालेला, प्रवास झालेला, बदललेला, परतावा दिलेला. ‘चेक-इन झालेला’ ही अवस्था आली की मालक कंपनीलाही परतावा देता येत नाही. आधी विमानवाल्यांनी चेक-इन मागे घ्यायचं, मग ताबा परत, मग परतावा. आदल्या रात्री घाईने मोबाइलवर चेक-इन करणाऱ्यांनी, आणि जायचं की नाही याबद्दल मन डळमळत असणाऱ्यांनी, हे आधी वाचावं.

आता सर्वांत मजेचा भाग. पुढच्या वेळी समजा मुलाने तिकीट बदललं नाही, सरळ रद्दच केलं. ८० हजार माइल्स परत आले. कुठे? मुलाच्या खात्यात. प्रवासी आईबाबा होते, पण माइल्स ज्याचे त्याच्याकडे जाणार. सोबत भरलेले कर आणि शुल्क ज्या कार्डावरून गेले त्या कार्डावर परत. म्हणजे एका तिकिटाचा परतावा दोन वेगळ्या वाटांनी, दोन वेगळ्या चलनांत आणि बहुतेकदा दोन वेगळ्या दिवशी घरी पोचतो. अमेरिकन एअरलाइन्स किंवा युनायटेड आज माइल्स परत ठेवण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. पुष्कळ कंपन्या मात्र घेतात.

अवॉर्ड तिकिटावर कर कशाला, असं कुणी विचारेल. कारण सरकारला आणि विमानतळाला माइल्स चालत नाहीत! विमानतळ वापरायचं शुल्क, सुरक्षेचं शुल्क, हे खणखणीत पैशांतच द्यावं लागतं. अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासाचं माइल्सवरचं तिकीट बघा. एका बाजूचे ५ डॉलर ६० सेंट हमखास दिसतील. ते शुल्क ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लागू झालेल्या सुरक्षा व्यवस्थेचं. काही कंपन्या त्यावर स्वतःचा इंधन अधिभारही चढवतात आणि मग ‘फुकट’ तिकिटाला काही हजार रुपये मोजावे लागतात.

आणि ते परत आलेले माइल्स, ते गेले होते तसेच आले का? इथे मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. प्रत्येक माइलला वय असतं. कुठला माइल कधी मिळाला, कधी संपणार, हे संगणक लक्षात ठेवतो. तिकीट काढताना पुष्कळ कंपन्या सर्वांत आधी संपणारे माइल्स आधी खर्च करतात. तिकीट रद्द झालं की ते आपलं जुनंच वय घेऊन परततात. मधल्या काळात त्यांची मुदत उलटून गेली असेल तर? कित्येक योजनांत असे माइल्स परतच येत नाहीत; आले तरी येताक्षणी संपतात. तिकिटात गुंतलेले होते तोवर सुरक्षित होते, सोडवले आणि गेले. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत माइल्स तीन वर्षांनी संपतात, युनायटेड आणि डेल्टाच्या योजनांत ते मुदतीने संपतच नाहीत. कुठल्या कंपनीचे माइल्स आहेत त्यावर रद्द करायचं की बदलायचं, हा निर्णयच उलटा होऊ शकतो. मुदत जवळ आली असेल तर तारीख पुढे ढकलणं परवडतं. रद्द करणं नाही.

बँकेच्या कार्डावरचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवून तिकीट काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ती वाट एकाच दिशेची आहे. तिकीट रद्द झालं तर माइल्स विमान कंपनीच्या खात्यात येतील, बँकेत पॉइंट म्हणून परत जाणार नाहीत.

एवढं सगळं लक्षात ठेवणारं यंत्र आलं कुठून? १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका विमानात दोन स्मिथ शेजारी बसले. एक अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ, दुसरे आयबीएमचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ. तोवर आरक्षणं कागदी कार्डांवर हाताने होत, आणि एक आरक्षण पक्कं व्हायला सरासरी दीड तास लागे. त्या दोघांच्या गप्पांतून सेबर नावाची संगणक प्रणाली उभी राहिली, आणि १९६४ पर्यंत कंपनीची सगळी आरक्षणं तिच्यावर गेली. जागा विकण्यासाठी बनवलेल्या या यंत्रात नकळत एक वेगळाच खजिना साठत गेला: कोण किती वेळा उडतो.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. स्पर्धा पेटली. नेहमीचं गिऱ्हाईक धरून ठेवायचं तर आधी ते ओळखायला हवं. अमेरिकन एअरलाइन्सने सेबरमध्ये पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधले! एकच नंबर वरचेवर दिसतोय, म्हणजे हा माणूस सारखा फिरतो. अशा लाखाहून अधिक लोकांना न विचारताच सभासद करून घेतलं, आणि १ मे १९८१ रोजी अॅडव्हांटेज ही योजना सुरू झाली. आठवडाभरात युनायटेडने आपली आणली. १९८७ मध्ये सिटीबँकेसोबत माइल्स देणारं कार्ड आलं आणि उडण्याचा आणि माइल्सचा संबंधच सैल झाला. आता किराण्यावर माइल्स मिळू लागले.

भारतात एअर इंडियाने १९९४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्स आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा विस्ताराच्या सभासदांचे पॉइंट एकास एक दराने नव्या खात्यात गेले आणि योजनेला महाराजा क्लब हे नाव मिळालं. एअर इंडियाच्या बोधचिन्हातला हा महाराजा मूळचा मुंबईचा. १९४६ मध्ये एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो घडवला.

बँका या माइल्ससाठी विमान कंपन्यांना रोख पैसे देतात. कंपनीच्या हिशेबात त्यातले बरेचसे पैसे लगेच कमाई ठरत नाहीत. तुम्ही उडेपर्यंत ते तुमचं देणं म्हणून उभे राहतात. तिकीट काढलं तरी देणं संपत नाही, उडालात की संपतं. रद्द केलंत की पुन्हा माइल्सच्या खात्यावर जाऊन बसतं. आणि जे माइल्स कधीच वापरले जाणार नाहीत, त्यांचाही अंदाज बांधून कंपनी तेवढी रक्कम हळूहळू कमाईत घेते. तुमच्या विसरभोळेपणाची किंमत आधीच ठरलेली असते!

हे देणं किती मोठं असेल? २०२० मध्ये कोविडने जगातली विमानं जमिनीवर आणली. कर्ज हवं होतं, पण उभ्या विमानांवर कोण देणार? मग युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. डेल्टाने तसेच ९०० कोटी आणि पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने १,००० कोटी. विमानं थांबली होती, पण लोक घरबसल्या कार्डावर भाजी मागवत होते आणि बँका माइल्स विकत घेतच होत्या.

याहून विलक्षण गोष्ट आपल्या मुंबईत घडली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईकडे निघालं आणि कंपनी बंद पडली. पैसे भरून तिकीट काढलेले लोक घेणेकऱ्यांच्या रांगेत गेले. पण जेटचे माइल्स? ते जिवंत राहिले! कारण जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळी कंपनी म्हणून आधीच बाजूला काढलेली होती आणि तिचा निम्म्याहून किंचित जास्त वाटा एतिहाद या दुसऱ्या विमान कंपनीकडे होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने इंटरमाइल्स हे नाव घेतलं, आणि सभासद तेच माइल्स दुसऱ्या विमानांसाठी, हॉटेलांसाठी, वस्तूंसाठी वापरू लागले. विमान कंपनी गेली, तिचे माइल्स मागे राहिले. २०१२ मध्ये बंद पडलेल्या किंगफिशरच्या सभासदांना हे भाग्य लाभलं नाही. त्यांचे माइल्स कंपनीबरोबरच बुडाले. माइल हे वचन आहे, आणि वचन कुणी दिलं आहे यावर त्याचं मोल ठरतं. म्हणून माइल्स जमवत बसण्यापेक्षा खर्च करणं शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक शेवटची परिस्थिती उरली. जुलै-ऑगस्ट. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडलेत, वैनगंगा फुगली आहे, नाल्यांवरून पाणी वाहतंय, गाडी वाटेतच अडकली. विमान तर सुटणार. अशा वेळी विमान सुटण्यापूर्वी रद्द केलेलं तिकीट आणि सुटल्यानंतर आठवलेलं तिकीट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी रद्द केलं तर बहुतेक योजनांत माइल्स वाचतात, फार तर थोडं शुल्क जातं. न कळवता गैरहजर राहिलात, तर पुष्कळ ठिकाणी सगळे माइल्स जातात, आणि पहिला टप्पा चुकला म्हणून पुढचे टप्पेही आपोआप रद्द होतात. पुरात अडकलेल्या गाडीतूनही दोन मिनिटांचं नेटवर्क मिळालं, तर पहिलं काम ते करा.

विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर पारडं तुमच्याकडे झुकतं. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे दुसरं विमान किंवा परतावा, यातलं तुम्ही निवडायचं. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी २०२४ पासूनचा नियम आणखी नेमका आहे. विमान रद्द झालं, किंवा आंतरराष्ट्रीय प्रवासाची वेळ सहा तास वा जास्त सरकली आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर मूळ ज्या रूपात मोजलं त्याच रूपात परत: पैसे तर पैसे, माइल्स तर माइल्स.

तेव्हा माइल्सवर तिकीट काढलं की त्याच दिवशी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: १३ आकडी तिकीट क्रमांक, माइल्स कुणाच्या खात्यातले आहेत आणि ते कधी संपतात. प्रवास आईवडिलांचा असेल तर त्यांनाही त्या कागदावर लिहून द्या, कारण फोन करायची वेळ त्यांच्यावर येऊ शकते. आणि भारतीय विमान कंपनीचं विमान खरोखरच चुकलं, माइल्स गेले, तरी तिथे थांबू नका. २०१६ च्या नियमाप्रमाणे सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं न वापरलेल्या तिकिटावरही परत मिळतात, विमान चुकलेल्यालासुद्धा. ते मागून घ्या.